अन्नाची पारख : डॉ. कमला सोहोनी

डहाणू आणि तलासरी हे पालघर जिल्ह्यातील दोन तालुके. तलासरी ओलांडली की गुजरातची हद्द लागते. डहाणूला समुद्रकिनारा लाभला आहे. तेथील चिकू दूरदूरच्या बाजारात जातात. वारली बांधवांची चित्रकला तर आता साऱ्या जगाला माहीत झाली आहे. या भागातून एसटीने किंवा आगगाडीने जाताना उंच उंच ताडाची झाडे दिसतात. काही झाडांच्या शेंड्याशी मडकी बांधलेली असतात. ताडाच्या फुलोऱ्याला खाच पाडली की त्यातून थेंब थेंब रस गळतो. रात्रभर तो मडक्यात साठतो. पहाटे, ऊन वर येण्यापूर्वी, मडके खाली उतरवतात. हा ताजा, गोड रस म्हणजे नीरा.

हाच रस तसाच ठेवला तर मात्र त्याचे रूप पालटते. हवेतील आणि मडक्यातील सूक्ष्म जीव त्यातील साखरेवर ताव मारतात. साखरेपासून मद्यार्क तयार होतो. रस फसफसू लागतो आणि आंबट होतो. मग ती नीरा राहत नाही, ताडी होते. झाड तेच, मडकेही तेच; फरक फक्त काही तासांचा. म्हणून नीरा गोळा करणारे मडक्याला आतून चुना लावतात. चुन्यामुळे रस लवकर आंबत नाही.

नशा आणणारे पेय आपल्या घरांत वर्ज्य असते. त्यामुळे पुष्कळ लोक नीरेकडेही संशयाने पाहतात. दुसरीकडे काहीजण तिचे वाटेल तसे गुणगान करतात. खरे कोणाचे मानायचे? नुसत्या जिभेने चव घेऊन याचा निकाल लागत नाही. नीरेत काय आहे आणि ते किती आहे, हे मोजूनच पाहावे लागते. भारतात ज्या शास्त्रज्ञांनी गरिबांच्या अन्नाची अशी पारख केली, त्यांत डॉ. कमला सोहोनी यांचे नाव फार मानाने घेतले जाते. त्यांचीच ही कहाणी.

कमलाबाईंचे माहेरचे आडनाव भागवत. त्यांचा जन्म १९११ च्या सुमारास इंदूर येथे झाला. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते. दोघांचेही उच्च शिक्षण बंगळूरच्या टाटा विज्ञान संस्थेत झाले होते. आज ही संस्था भारतीय विज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते. थोरली बहीण दुर्गा हीसुद्धा पुढे फार मोठी झाली. मराठीतील थोर लेखिका दुर्गाबाई भागवत त्या ह्याच. १९७५ साली कऱ्हाड येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्षा होत्या. एकाच घरातील एक बहीण शब्दांच्या जगात रमली, तर दुसरी काचनळ्यांच्या.

वडील आणि काका यांच्याप्रमाणे आपणही बंगळूरला जाऊन संशोधन करायचे, असे कमलेने ठरवले होते. १९३३ साली ती मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. परीक्षा उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाली. रसायनशास्त्र हा तिचा मुख्य विषय आणि पदार्थविज्ञान हा दुय्यम. तिने बंगळूरच्या संस्थेकडे अर्ज पाठवला. गुण चांगले होते, घराण्याची परंपराही त्याच संस्थेची होती. नकाराचे काही कारणच नव्हते.

तरीही नकार आला. संस्थेचे संचालक होते सर सी. व्ही. रामन. १९३० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले होते. साऱ्या देशाला त्यांचा अभिमान होता. पण मुलींनी संशोधन करावे, हे त्यांना त्या वेळी मान्य नव्हते. अर्जदार मुलगी आहे, एवढ्याच कारणावरून त्यांनी प्रवेश नाकारला. मोठी माणसेसुद्धा एखाद्या बाबतीत चुकीचा विचार करू शकतात, याचे हे उदाहरण आहे.

तो काळ गांधीजींच्या सत्याग्रहाचा होता. कमलेच्या मनावर त्या विचारांचा पगडा होता. ती गप्प बसली नाही. ती थेट बंगळूरला गेली आणि प्रवेश मिळाल्याशिवाय हलणार नाही असा तिने निर्धार केला. तिने रागाने आदळआपट केली नाही. आपल्या गुणांत काय कमी आहे, एवढेच तिला विचारायचे होते. अखेर रामन यांनी प्रवेश दिला, पण अटी घालून. तिला नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नव्हते. पहिले वर्ष तिची परीक्षा पाहण्याचे. तिचे काम पसंत पडले तरच ते मान्य होणार होते. शिवाय तिच्यामुळे संस्थेतील मुलांच्या कामात व्यत्यय येता कामा नये, अशीही एक अट होती.

विचार करा, किती अपमान वाटला असेल तिला! ज्या अटी कोणत्याही मुलाला लागू नव्हत्या, त्या तिच्यावर लादल्या गेल्या. हा अपमान ती आयुष्यात कधी विसरली नाही. पण त्या वेळी तिने अटी मान्य केल्या. एकदा प्रयोगशाळेचे दार उघडले की पुढचे उत्तर काम देईल, हे तिला ठाऊक होते.

बंगळूरला तिला श्रीनिवासय्या हे गुरू लाभले. ते शिस्तीचे कडक होते. पण हुशार विद्यार्थ्याला हात आखडून शिकवणे त्यांना ठाऊक नव्हते. त्यांच्या हाताखाली कमलेने दूध, डाळी आणि कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. डाळ-भात खाणाऱ्या देशात डाळीतील प्रथिनांचा अभ्यास म्हणजे थेट लोकांच्या ताटाचा अभ्यास. वर्ष सरले. तिचे काम पाहून रामन यांचे समाधान झाले. तिला रीतसर संशोधन करण्याची मोकळीक मिळाली. एवढेच नव्हे, तर त्यानंतर संस्थेने इतर मुलींनाही प्रवेश देण्यास सुरुवात केली. एका मुलीने दार ठोठावले आणि ते पुढच्या अनेकींसाठी उघडले.

१९३६ साली कमलेने मुंबई विद्यापीठाची एम.एस्सी. पदवी विशेष प्रावीण्याने मिळवली. पुढे इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात शिकण्याची संधी तिला मिळाली. तेथे सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांची जीवरसायनशास्त्राची प्रयोगशाळा जगप्रसिद्ध होती. जीवनसत्त्वांवरील कामासाठी हॉपकिन्स यांना १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळाले होते. कमलाबाईंनी प्रथम डेरेक रिक्टर यांच्याकडे आणि नंतर रॉबिन हिल यांच्याकडे काम केले.

हिल यांच्या प्रयोगशाळेत वनस्पतींवर संशोधन चाले. कमलाबाईंनी बटाटा हाती घेतला. आपल्या भाजीतला साधा बटाटा! सजीवांच्या पेशींना शक्ती मिळते ती श्वसनातून. या क्रियेत ‘सायटोक्रोम-सी’ नावाचे प्रथिन मदत करते. बटाट्यावर काम करता करता वनस्पतींच्या पेशींतही हे प्रथिन आहे, असे कमलाबाईंना आढळले. म्हणजे माणूस, प्राणी आणि झाडे यांच्या पेशींच्या कामात एक मोठे साम्य आहे. या संशोधनावर त्यांनी प्रबंध लिहिला. तो अवघ्या ४० पानांचा होता. १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली. विज्ञानात ही पदवी मिळवणाऱ्या भारतातील अगदी पहिल्या स्त्रियांत त्यांची गणना होते. प्रबंधाचे मोल पानांच्या संख्येवर नसते, तर त्यात काय सापडले यावर असते.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. मुलींना कमी लेखण्याची चूक केवळ आपल्याच देशात होत होती असे नाही. केंब्रिजसारख्या नामवंत विद्यापीठातही स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीचे पूर्ण सदस्यत्व १९४८ साली मिळाले. कमलाबाई तेथून शिकून परतल्या त्यानंतर कितीतरी वर्षांनी!

परदेशात राहून मोठे नाव मिळवणे कमलाबाईंना कठीण नव्हते. पण आपले ज्ञान आपल्या देशाच्या कामी यावे, ही त्यांची इच्छा होती. १९३९ सालीच त्या भारतात परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी जीवरसायनशास्त्र विभागाचे प्रमुखपद सांभाळले. त्यानंतर दक्षिणेतील कुन्नूर येथील पोषण संशोधन प्रयोगशाळेत त्या सहायक संचालक झाल्या. तेथे त्यांनी जीवनसत्त्वांवर काम केले. १९४७ साली मा. वि. सोहोनी यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्या मुंबईला आल्या. मुंबईच्या विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्राचा नवा विभाग सुरू झाला होता. तेथे त्या प्राध्यापक झाल्या. त्यांच्या आयुष्यातील फार मोठे काम येथेच झाले.

देश नुकताच स्वतंत्र झाला होता. असंख्य घरांत पोटभर अन्न नव्हते. दूध, अंडी आणि फळे गरिबांना परवडत नव्हती. अशा वेळी कोणते स्वस्त अन्न शरीराला खरोखर बळ देते, हा प्रश्न फार महत्त्वाचा होता. कमलाबाई आणि त्यांचे विद्यार्थी यांनी गरिबांच्या खाण्यातील वस्तूच अभ्यासासाठी निवडल्या. कडधान्यांतील प्रथिने, धानापासून केलेले पीठ आणि नीरा हे त्यांचे विषय होते.

वालाचेच उदाहरण घ्या. भाताचे पीक निघाल्यावर कोकणात वाल पेरतात. वालात प्रथिने भरपूर असतात. पण कच्चे वाल खाल्ले तर ती प्रथिने अंगी लागत नाहीत. असे का व्हावे? आपल्या आतड्यात ट्रिप्सिन नावाचे विकर असते. ते प्रथिनांचे तुकडे करून ती पचवते. वालात मात्र या ट्रिप्सिनला अडवणारा एक पदार्थ असतो. कमलाबाई आणि त्यांचे सहकारी यांनी तो वालातून वेगळा काढला आणि त्याचे शुद्ध स्फटिक मिळवले. हे काम १९५५ साली ‘नेचर’ या जगप्रसिद्ध ब्रिटिश साप्ताहिकात छापून आले. वाल पाण्यात चांगले शिजवले की या पदार्थाचा जोर बऱ्याच अंशी कमी होतो. आपल्या आया आणि नानी-दादी वाल भिजवून, नीट शिजवूनच ताटात वाढतात. त्यांच्या हातच्या रीतीमागे किती शहाणपण आहे, हे विज्ञानाने दाखवून दिले.

आता नीरेकडे वळू. डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी सुचवल्यावरून कमलाबाईंनी नीरेचा अभ्यास हाती घेतला. नीरेत साखर आहे हे कोणीही सांगेल. पण साखरेशिवाय आणखी काय आहे? कमलाबाईंना तिच्यात अ जीवनसत्त्व, क जीवनसत्त्व आणि लोह चांगल्या प्रमाणात आढळले. नीरा आटवून केलेला ताडगूळ आणि काकवी यांतही हे घटक टिकून राहतात, असेही दिसले. पुढे आदिवासी समाजातील कुपोषित मुलांना आणि गरोदर स्त्रियांना आहारात नीरा दिली, तेव्हा त्यांची प्रकृती सुधारल्याचे आढळले. या कामासाठी कमलाबाईंना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. ज्या रसाला लोक केवळ ताडीचा भाऊ समजत होते, त्याची खरी ओळख अशी पटली.

हे सारे मोजत कसे असतील? त्या काळी अशा कामाची मुख्य साधने म्हणजे काचेच्या नळ्या, तराजू, रंग आणि माणसाची चिकाटी. क जीवनसत्त्व मोजण्याची रीत पाहा. एका निळ्या रंगाच्या द्रावणात क जीवनसत्त्व मिसळले की रंग नाहीसा होतो. ठरावीक रंग घालवायला किती रस लागला, हे थेंब मोजून पाहायचे. त्यावरून रसात जीवनसत्त्व किती, याचा हिशोब मांडायचा. एक पदार्थ, एक परीक्षा. दुसरा पदार्थ मोजायचा तर परीक्षाही दुसरी. आणि एकदा मिळालेले उत्तर खरे मानायचे नाही. तीच परीक्षा पुन्हा पुन्हा करून उत्तर तेच येते का, ते पाहायचे.

पण काही पदार्थ असे असतात की ते शेकड्यांनी एकत्र नांदतात. अमिनो आम्ले आणि सेंद्रिय आम्ले ही त्यांतलीच. उर्दू विज्ञानाच्या पुस्तकात तुम्ही आम्लाला तुर्शा म्हणता. लिंबाचा, चिंचेचा, दह्याचा आंबटपणा हा आम्लांमुळेच येतो. पण प्रत्येकाचे आम्ल वेगळे. लिंबात सायट्रिक आम्ल, चिंचेत टार्टारिक आम्ल, दह्यात लॅक्टिक आम्ल. अमिनो आम्ले म्हणजे प्रथिनांच्या विटा. या विटा एकमेकींना जोडूनच आपल्या शरीराची प्रथिने तयार होतात. त्यांतील काही विटा शरीर स्वतः बनवू शकत नाही. त्या अन्नातूनच मिळवाव्या लागतात. म्हणून अन्नात प्रथिने किती, एवढे कळून पुरत नाही. त्यात कोणती विट किती आहे, हेही कळावे लागते. आणि नीरा ताजी आहे की आंबली, हे पाहायचे तर तिच्यातील आम्ले आणि मद्यार्क मोजावे लागतात.

सगळे एकत्र मिसळलेले असताना त्यांना वेगळे कसे करायचे? कमलाबाई केंब्रिजला गेल्या त्या सुमारास त्याच गावात आर्चर मार्टिन आणि रिचर्ड सिंज हे दोन तरुण शास्त्रज्ञ याच प्रश्नाशी झुंजत होते. पुढे त्यांनी लोकरीतील अमिनो आम्ले वेगळी करण्याची नवी रीत शोधली. तिचे एक साधे रूप साध्या कागदावर चालते. शाईचा ठिपका टिपकागदावर पाण्याने पसरला की त्यातील रंग वेगवेगळ्या अंतरावर जातात, हे तुम्ही पाहिले असेल. तशीच ही युक्ती. तिला क्रोमॅटोग्राफी म्हणतात. मार्टिन आणि सिंज यांना १९५२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी मार्टिन आणि जेम्स यांनी वाहत्या द्रवाऐवजी वायूचा उपयोग करून आम्ले वेगळी करून दाखवली. ही गॅस क्रोमॅटोग्राफी. काही वर्षांतच अमेरिकेत तिला मास स्पेक्ट्रोमीटर हे दुसरे यंत्र जोडले गेले. या जोडयंत्राला जीसी-एमएस म्हणतात.

हे यंत्र कसे चालते, ते थोडक्यात पाहू. त्यात केसासारखी बारीक आणि सुमारे तीस मीटर लांब नळी गुंडाळून ठेवलेली असते. नळीच्या आतून एका पदार्थाचा पातळ लेप असतो. मोजायचा नमुना तापवून त्याची वाफ करतात आणि हेलियम वायूबरोबर नळीत सोडतात. एखाद्या लांब बाजारातून माणसे चालली आहेत, अशी कल्पना करा. कोणी दुकानादुकानापाशी रेंगाळतो, कोणी सरळ चालत जातो. सगळे एकदम निघाले तरी दुसऱ्या टोकाला वेगवेगळ्या वेळी पोहोचतात. नळीतील पदार्थांचेही तसेच होते. जो लेपापाशी जास्त रेंगाळतो, तो उशिरा बाहेर पडतो.

एक अडचण मात्र येते. पुष्कळशी आम्ले आणि अमिनो आम्ले नुसती तापवली तर वाफ होण्याआधीच करपतात किंवा नळीला चिकटून बसतात. म्हणून त्यांना आधी सिलिकॉन असलेल्या एका रसायनाचा जणू अंगरखा चढवतात. तो घातला की ती सहज वाफ होऊन उडतात. नळीतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पदार्थावर दुसऱ्या यंत्रात इलेक्ट्रॉनांचा मारा होतो. त्याचे तुकडे होतात आणि यंत्र त्या तुकड्यांचे वजन करते. प्रत्येक पदार्थ आपल्या ठरावीक पद्धतीनेच तुटतो. जसा माणसाच्या अंगठ्याचा ठसा, तसा हा पदार्थाचा ठसा. त्यावरून पदार्थ कोणता, हे कळते. तो किती आहे, हे कळण्यासाठी नमुन्यात एक ओळखीचा पदार्थ आधीच मोजून घातलेला असतो. त्याच्याशी तुलना करून बाकीच्यांचे माप काढतात. अशा रीतीने एका थेंबातील कित्येक आम्ले एकाच बैठकीत मोजता येतात.

या मोजमापाने माणसांचे जीवही वाचतात. १९६६ साली अमेरिकेतील बोस्टन येथे आजारी मुलांच्या रक्तातील एक आम्ल या जोडयंत्राने ओळखले गेले आणि एका जन्मजात विकाराचा उलगडा झाला. एका अमिनो आम्लाचा निचरा शरीरात नीट होत नसल्यामुळे ते आम्ल साठत होते. आज लहान बाळाच्या लघवीच्या थोड्याशा नमुन्यावरून असे अनेक विकार ओळखता येतात. विकार वेळीच कळला तर योग्य आहार देऊन पुष्कळ बाळांना वाचवता येते.

यंत्रे कितीही सुधारली तरी एक गोष्ट यंत्र करू शकत नाही. कोणती वस्तू मोजायची, हे यंत्र ठरवत नाही. ते माणूस ठरवतो. कमलाबाईंचे मोठेपण येथे आहे. त्यांनी श्रीमंतांच्या मेजवानीतील पदार्थ मोजायला घेतले नाहीत. वाल, धान आणि ताडाचा रस यांना त्यांनी प्रयोगशाळेत मानाचे स्थान दिले.

एवढे काम करूनही त्यांची वाट सोपी झाली नाही. विज्ञान संस्थेचे संचालकपद त्यांना मिळायला हवे होते, त्यापेक्षा कितीतरी उशिरा ते मिळाले. त्यांनी मात्र आपले काम थांबवले नाही. मुंबईच्या आरे दूध प्रकल्पाला दुधाचा दर्जा राखण्याच्या कामी त्यांनी सल्ला दिला. दूध नासते तेव्हाही त्यात लॅक्टिक आम्लच वाढत असते. म्हणून दुधाची परीक्षा हीसुद्धा आम्लाची परीक्षा असते.

निवृत्तीनंतरही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. १९६६ साली मुंबईत काही स्त्रियांनी पुढाकार घेऊन ग्राहकांच्या हक्कांसाठी एक संस्था स्थापन केली होती. कन्झ्युमर गाइडन्स सोसायटी ऑफ इंडिया असे तिचे नाव. कमलाबाई तिच्या कामात उत्साहाने सहभागी झाल्या. १९८२-८३ मध्ये त्या तिच्या अध्यक्षा होत्या. बाजारातील अन्नात भेसळ कशी होते आणि ती कशी ओळखावी, हे त्या लोकांना समजावून सांगत. संस्थेच्या मासिकाचे नाव ‘कीमत’. त्यात त्यांनी लेख लिहिले. तुमच्या उर्दूतील कीमत आणि मराठीतील किंमत हा एकच शब्द आहे. ग्राहक पैसे मोजतो, तेव्हा त्याला त्या पैशाचा माल मिळालाच पाहिजे, हा त्या मासिकाचा आग्रह. त्यांनी मराठीतही लिहिले. ‘आहारगाथा’ हे त्यांचे आहाराविषयीचे पुस्तक आहे. परदेशात इंग्रजीत शिकलेले ज्ञान त्यांनी आपल्या भाषेत, साध्या शब्दांत परत आणले.

१९९८ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिल्लीत त्यांचा सत्कार केला. तेव्हा त्यांचे वय ऐंशीच्या पुढे गेले होते. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच काळात त्यांचे निधन झाले. ज्या मुलीला एकेकाळी संस्थेच्या दाराशी थांबवले गेले होते, तिला निरोप देताना देशातील शास्त्रज्ञ आदराने उभे होते.

कमलाबाईंनी पारख केलेली नीरा आजही संपलेली नाही. डहाणूला खादी आणि ग्रामोद्योग आयोगाचे प्रशिक्षण केंद्र आहे. ताडगुळाच्या उद्योगासाठी झटलेले गजानन नाईक यांचे नाव त्याला दिले आहे. २०२० साली आयोगाने डहाणूत नीरा आणि ताडगूळ यांचे काम नव्याने सुरू केले. २०० कारागिरांना सात दिवसांचे शिक्षण देऊन अवजारे देण्यात आली. ताडावर चढणे हे जोखमीचे काम आहे. जो माणूस पहाटेच्या अंधारात जीव मुठीत धरून झाडावर चढतो, त्याच्या कष्टाला नीट भाव मिळायचा असेल तर त्याची नीरा ताजी आणि शुद्ध असल्याचे सिद्ध करता आले पाहिजे. पिणाऱ्यालाही आपण काय पितो आहोत, याची खात्री हवी. दोघांनाही ती खात्री मोजमापच देऊ शकते.

मुलांनो, तुमच्यापैकी कोणाला डॉक्टर व्हायचे असेल, कोणाला शिक्षक, कोणाला दुकान सांभाळायचे असेल. काही मुलींना अजूनही पुढे शिकण्यासाठी घरी आर्जव करावे लागत असेल. त्यांनी कमलाबाईंची गोष्ट घरी जरूर सांगावी. काचनळीतील रंग, तो पाहणारा मुलगा आहे की मुलगी, श्रीमंत आहे की गरीब, त्याची भाषा कोणती, असे काही विचारत नाही. तो फक्त एवढेच पाहतो की मोजणाऱ्याने काम प्रामाणिकपणे केले की नाही. कमलाबाईंची मागणी जगाकडे तेवढीच होती. आपल्याला आपल्या कामावरून मोजा, असे त्यांना म्हणायचे होते. आणि ज्या अन्नाला, ज्या माणसांना कोणी मोजतच नव्हते, त्यांची कीमत त्यांनी जगाला दाखवून दिली.